फॉक्सप्रो उघडत नाही, मग नोंदी गेल्या का?

मंडळी, समजा, पतसंस्थेतल्या संगणकावर 32-बिट विंडोज काढून 64-बिट टाकलं आणि डॉसवरच्या फॉक्सप्रोतला हिशेब उघडेनासा झाला. सभासदांच्या ठेवींच्या नोंदी गेल्या का? घाबरू नका, बहुतेक वेळा त्या जागेवरच असतात.

असं का होतं, ते आधी पाहू. 32-बिट विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्राम चालवायची सोय होती, 64-बिटमध्ये ती नाही. विंडोज 11 तर 64-बिटच आहे. त्यामुळे सेटिंग कितीही बदललं तरी उपयोग नाही. व्हिज्युअल फॉक्सप्रो मात्र 32-बिट असल्याने चालतो.

आपल्या नोंदी असतात डीबीएफ फाइलमध्ये. लांब मजकूर एफपीटीत, क्रमसूची सीडीएक्समध्ये. तिन्ही एकत्रच ठेवायच्या.

म्हणून पहिलं काम काय? अख्ख्या फोल्डरची प्रत घ्यायची आणि सगळे प्रयोग प्रतीवरच करायचे. मग डॉसबॉक्समध्ये प्रोग्राम चालवून पाहू. नुसत्या नोंदी बघायच्या तर लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये डीबीएफ उघडते, पण तिथून सेव्ह करू नका, क्रमसूची जुळणार नाही.

डॉसबॉक्स मुळात खेळांसाठी बनलेलं. रोजचा व्यवहार त्यावर ठेवायचा नाही. नोंदी नव्या प्रणालीत नेईपर्यंत तेवढी सवड त्याने मिळते.