स्वादुपिंडाचे दुसरे काम

स्वादुपिंड म्हटले की बहुतेकांना मधुमेह आणि इन्सुलिन आठवते. प्रत्यक्षात इन्सुलिन बनवणारी पेशींची बेटे या ग्रंथीचा जेमतेम एक-दोन टक्के भाग व्यापतात. उरलेली जवळजवळ सगळी ग्रंथी पाचक रस तयार करण्यात गुंतलेली असते. जठराच्या मागे आडवी पडलेली, साधारण १५ सेंटिमीटर लांबीची ही ग्रंथी रोज एक ते दीड लिटर रस लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात सोडते.

या रसातील बायकार्बोनेट जठरातून आलेले आम्ल निवळवते. मग अमायलेज भात-भाकरीतील पिष्ट, लायपेज तेल-तुपातील स्निग्धांश आणि ट्रिप्सिन डाळीतील प्रथिने तोडते. स्निग्ध पदार्थ पचवण्यात स्वादुपिंडाचा वाटा किती मोठा, हे फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी १९व्या शतकाच्या मध्यात दाखवले. सशामध्ये स्वादुपिंडाची नलिका पित्तनलिकेच्या बरीच खाली आतड्यात उघडते. चरबी खाल्लेल्या सशाच्या आतड्याभोवतालच्या वाहिन्या त्या तोंडाच्या खालीच दुधासारख्या पांढऱ्या दिसतात, हे त्यांच्या नजरेने टिपले.

प्रथिने तोडणारा रस बनवणारी ग्रंथी स्वतःही प्रथिनांचीच. ती स्वतःला पचवत नाही, कारण ट्रिप्सिन तेथे निष्क्रिय रूपात तयार होते. आतड्यात पोचल्यावर तिथले एक विकर त्याला जागे करते. चुकून आधीच जागे झाले, तर आवर घालणारे प्रथिनही ग्रंथीत असते.

ही घडण एका दिवसात झालेली नाही. माशांचा दूरचा नातलग असलेल्या अँफिऑक्ससला स्वादुपिंडच नाही. लॅम्प्रे या जबडा नसलेल्या जलचरात पाचक पेशी आतड्याच्या भिंतीतच असतात आणि इन्सुलिनच्या पेशींचा वेगळा पुंजका असतो. दोन्ही कामे एका ग्रंथीत नांदताना दिसतात ती शार्कमध्ये. पुढे प्रत्येकाने आपापली सोय केली. रोहूच्या कुळातल्या माशांत ही ग्रंथी यकृतात विखुरलेली असते. मासा साफ करताना स्वादुपिंड म्हणून वेगळा तुकडा हाती लागत नाही. गायीच्या पोटात चारा जिवाणू आंबवतात आणि नंतर ते जिवाणूच पचवले जातात. त्यांच्यातील आरएनए तोडणारे विकर गायीचे स्वादुपिंड भरपूर बनवते. म्हणजे खाणे बदलले तसा रसही बदलला.

माणसात ही व्यवस्था बिघडण्याची सर्वांत नेहमीची दोन कारणे म्हणजे पित्ताशयातील खडे आणि दारू. घसरलेला खडा पित्तनलिका व स्वादुपिंडनलिका यांच्या सामाईक तोंडाशी अडकतो आणि विकरे ग्रंथीतच जागी होतात. वरच्या पोटात अचानक उठणारी, पाठीत जाणारी, पुढे वाकल्यावर किंचित कमी वाटणारी तीव्र कळ आणि सोबत उलट्या असे चित्र दिसते. घरी याला ‘गॅस’ किंवा ‘ॲसिडिटी’ म्हणून सोडा, ओवा, गोळी देत रात्र काढली जाते. ही रात्र महागात पडू शकते. लगेच रुग्णालय गाठावे.

वर्षानुवर्षांच्या सुजेने ग्रंथी सुकली, तर मात्र कळ नसतानाही माणूस खंगत जातो. शौच तेलकट, दुर्गंधीयुक्त, पाणी टाकूनही भांड्याला चिकटून राहणारे होते. लाजेपोटी रुग्ण हे सांगत नाहीत आणि घाईच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरही विचारत नाहीत, ही खरी अडचण. अशांना विकरांच्या कॅप्सूल देतात. त्या बहुतांशी डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात, कारण त्यातली विकरे माणसाच्या पोटातही काम करतात. शाकाहारी किंवा मुस्लिम रुग्णाला हे आधीच सांगून त्याची संमती घ्यावी. नंतर कळले की तो औषध गुपचूप बंद करतो. शिवाय कॅप्सूल उपाशीपोटी घेऊन उपयोग नाही. पहिल्या घासाबरोबर एक, मोठे जेवण असेल तर मध्येही एक, असे डॉक्टर सांगतील तसे जेवणासोबतच घ्यायचे असते.