तेलाचा डाग आणि गळतीचें मूळ

धाराशिव जिल्ह्यांतील सास्तूरचा मुलूख काळ्या मातीचा. उन्हाळ्यांत तेथील मालमोटारींच्या इंजिनांवर धुळीचीं पुटें चढतात, आणि त्यांत गळतें तेल मुरलें कीं सारें इंजिन काळ्या लेपाखालीं झांकून जातें. सकाळीं गाडीखालीं डाग दिसतो. मालक म्हणतो, चेंबरचें पॅकिंग गेलें. पॅकिंग बदललें जातें, पैसे जातात, आणि आठवड्यानें डाग पुनः तेथेंच!

डाग पडतो तेथेंच गळती असते हा समज फसवा आहे. तेल भारानें खालीं ओघळतें व धांवत्या गाडीच्या वाऱ्यानें मागें सरकतें. म्हणून माथ्यावरील टॅपेट कव्हरची गळती तळाशीं प्रकट होते. यास्तव इंजिन थंड असतां प्रथम धुऊन कोरडें करावें, संशयाच्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी, आणि दहापंधरा मिनिटें इंजिन चालवून, पंखा व पट्ट्यापासून हात दूर ठेवून, वरून खालीं पाहात यावें. जेथें सर्वांत उंचावर पावडर भिजते, तेथें उगम.

टॅपेट कव्हरचे नट जोरानें आवळल्यानें गळती थांबत नाहीं, उलट वाढते. पत्रा नटाशीं दबतो आणि मधोमध उचलला जातो. असें झांकण सपाट करूनच नवें पॅकिंग घालावें.

खरी कठीण गोष्ट मागील सीलची. तें बदलावयास गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सील स्वल्प किमतीचें, मजुरी मात्र भारी. म्हणून आधीं ब्रीदर पाहावा. पिस्टनच्या रिंगा झिजल्या म्हणजे जळालेला वायु खालीं उतरतो. त्यास बाहेर पडण्याची ही वाट मळीनें बुजली कीं आंतला दाब तेलाला सांध्यांतून हांकून लावतो. मंद चालत्या इंजिनाचें तेलाचें टोपण जपून सैल केल्यास जोराचे फुसकारे येतात. अशा इंजिनाला नवें सीलही फार दिवस टिकत नाहीं.

२०१४ पर्यंत निघालेल्या ॲम्बॅसडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनांत तर मागें रबरी सीलच नव्हतें. क्रँकशाफ्टवर कोरलेले आटे फिरतांना तेल आंत ओढीत. तेथें थोडें पाझरणें स्वाभाविक. दाब वाढला तर मात्र आटे हरतात.

क्लचवर तेल पोंचलें तर क्लच घसरतो, तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडलें तर धूर व आगीचें भय. तेलाची पातळी खालच्या खुणेखालीं गेली तर बेअरिंगें जळून इंजिन जाम होतें. म्हणून दुरुस्ती लांबली तरी गेजपट्टी रोज, गाडी सपाटीवर उभी करून, पाहावी. चाकाजवळील डाग मात्र ब्रेकच्या तेलाचा असूं शकतो. तशी गाडी हलवूंच नये.

पॅकिंग कागदाचें असो वा कॉर्कचें, नवें बसविल्यावर इंजिन एकदां तापवून निवूं द्यावें आणि मग नट पुनः हलकेच तपासावे.