विद्यार्थी जीवन आणि वाढते वजन

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या पोलीस भरतीत त्याने अर्ज भरला होता. लेखी परीक्षेचा अभ्यास चांगला झाला होता. परंतु मैदानी चाचणीत 1600 मीटर धावताना निम्म्यातच त्याला धाप लागली व तो थांबला. अभ्यासिकेत बसून बसून दोन वर्षांत त्याचे वजन 14 किलोने वाढले होते. मुलगा आळशी नाही, व्यसनी नाही. मग असे का झाले? मी डॉक्टर नाही, बँकेच्या काउंटरवर बसणारा कारकून आहे व माझाही कमरेचा पट्टा दोन भोके पुढे सरकला आहे. तरीही या निमित्ताने जे वाचले व पाहिले ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहे.

आमच्या आईने 1972 च्या दुष्काळात खडी फोडली, सुकडी व मिलोची भाकरी खाऊन दिवस काढले. ज्यांनी अशी उपासमार सोसली त्यांना भरल्या अंगाचे मूल पाहून समाधान वाटणारच. म्हणूनच ती नातवाला "अजून एक पोळी घे रे बाळा" म्हणून आग्रह करते. आपल्या बहुतेक घरांत हेच चित्र आहे. परंतु पोट सुटणे म्हणजे खात्यापित्या घरचे लक्षण, ही समजूत आता सोडावयास हवी.

वजन जास्त आहे किंवा नाही हे कसे ओळखावे? किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. भारतीय प्रौढांसाठी हा आकडा 18.5 ते 22.9 असावा, 23 पासून वजन जास्त व 25 पासून लठ्ठपणा समजतात. म्हणजे 165 सेंटिमीटर उंचीच्या मुलाचे वजन 63 किलो झाले की सीमा ओलांडली. कमरेचा घेर पुरुषांत 90 व स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या आत असावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) 15 ते 49 वयोगटातील 24 टक्के स्त्रियांचा हा आकडा 25 किंवा त्याहून अधिक आढळला.

आपल्यासाठी ही सीमा खाली का? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर मोठे काम केले आहे. 2004 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी स्वतःची व डॉ. यूडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना प्रसिद्ध केली. वजन-उंचीचा आकडा दोघांचाही 22.3, परंतु शरीरातील चरबी ब्रिटिश डॉक्टरांत 9.1 टक्के, तर याज्ञिकांत 21.2 टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन 2.7 किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे 3.5 किलो भरले. तरीही आपल्या बालकांत चरबीचे प्रमाण त्या मानाने अधिक होते. मातांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे कुपोषण यामागे असावे, असे संशोधकांचे मत आहे. ज्यांच्या घरात काल उपासमार होती, त्यांनाच आज मधुमेहापासून अधिक जपावयाचे आहे.

आता विद्यार्थ्यांचा दिवस पाहू. रात्री दोनपर्यंत मोबाईल, सकाळी उशिरा उठणे, न्याहारी न करता कॉलेज. अकरा वाजता पोटात कावळे ओरडू लागले की कॅन्टीनचा वडापाव, समोसा आणि चहा. दुपारी शीतपेय, त्याच्या 300 मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे 30 ग्रॅम, म्हणजे सहा-सात चमचे साखर असते. दिवसभराची वरची साखर 25 ग्रॅमच्या आत ठेवणे उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कॉलेजला जायला मोटारसायकल, मग आठ तास खुर्ची. अपुऱ्या झोपेने भूकही वाढते. खात्यात रोज थोडे जमा होत राहिले व काढले काहीच नाही, तर शिल्लक वाढणारच. वजनाचा हिशेब याहून फार वेगळा नाही.

भगवान बुद्धांच्या काळी कोसल देशाचा राजा प्रसेनजित भरपेट जेवून धापा टाकीत त्यांच्या भेटीस आला, अशी कथा संयुत्त निकायात आहे. बुद्धांनी त्याला उपवास सांगितला नाही; जेवताना प्रमाणाचे भान ठेवावयास सांगितले. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला रोज भोजनसमयी ती गाथा म्हणावयास लावली आणि आहार हळूहळू कमी केला. राजाला जे साधले ते आपल्यालाही साधेल.

त्यासाठी महागडी जिम नको. सकाळी भाकरी-भाजी, पोहे किंवा उकडलेले अंडे खाऊन निघावे. ताटात डाळ, उसळ व पालेभाजी वाढवावी, भात-पोळी बेताने घ्यावी. आठवड्यात किमान 150 मिनिटे झपाट्याने चालावे. अभ्यासात तासाला पाच मिनिटे उठावे व रात्री सात तास झोपावे. मुलींनी बारीक होण्यासाठी जेवण सोडू नये; त्याच सर्वेक्षणात 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. आणि जाड मुलामुलीची चेष्टा तर कोणीच करू नये. चेष्टेने वजन उतरत नाही, मन मात्र खचते.

सभासदांनाही एक विनंती. अभ्यासिकेत पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक वजनकाटा व मोजपट्टी ठेवावी, आणि कार्यक्रमाच्या अल्पोपाहारात बुंदी-फरसाणाऐवजी केळी व उकडलेले चणे द्यावेत. खर्च कमीच होईल.

माझा भाचा आता पहाटे मैदानावर जातो. चार महिन्यांत पाच किलो वजन उतरले; 1600 मीटर तो अद्याप वेळेत धावत नाही, पण न थांबता पूर्ण करतो. आजीने ताटात दुसरी पोळी वाढली की तो हसून ताटावर हात धरतो. आजी थोडी रुसते. पण पहाटे त्याला हाक मारून उठवते तीच.