नळाच्या पाण्याचा हिशेब

गेल्या मे महिन्यात सुट्टीसाठी इंदूरला आत्याकडे गेलो होतो. तिच्याकडे दिवसाआड पाणी येते. सकाळी "नळ आले, नळ आले" अशी हाक उठली की घागरी-बादल्या घेऊन सारे घर जमते. माझी बादली भरून वाहू लागली तेव्हा आत्या म्हणाली, "अरे, नर्मदामाई घाट चढून येते. तिला गटारात काय सोडतोस!"

मला हे बोलणे केवळ भाविकपणाचे वाटले; पण ते शब्दशः खरे आहे. नर्मदेचे पाणी शहरात आणावे म्हणून १९७० साली इंदूरकरांनी आंदोलन केले आणि १९७८ मध्ये ते आले. खरगोन जिल्ह्यातील जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, पंपांनी ते विंध्य चढवावे लागते. चढ चारशे मीटरहून अधिक आहे. एक हजार लिटर पाणी एवढे उचलायचे तर, काहीही वाया जात नाही असे धरले तरी, एक युनिटहून जास्त वीज हवी. मध्य प्रदेशातील बरीचशी वीज कोळशाची. खंडवा जिल्ह्यातील एकट्या सिंगाजी केंद्राची क्षमता २,५२० मेगावॅट आहे. अशा एका युनिटमागे धुराड्यातून साधारण एक किलो कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो.

हा किलो कोणत्या खात्यात मांडायचा? आम्हां कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना कोळसा, रेल्वेभाडे, मजुरी, घसारा, व्याज हे सारे खर्चाच्या बाजूस लिहावयास शिकवतात. राखेने खराब झालेले रान, धुराने जडलेला दमा, वाढत्या तापमानाने लहरी झालेला पाऊस यांना रकानाच नसतो. खर्च होतोच, फक्त बिल दुसऱ्याच्या दारी जाते. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली हेच दाखवले. आगगाडीच्या इंजिनातील ठिणग्यांनी रुळांलगतचे रान जळते, पण ते नुकसान रेल्वेच्या हिशेबात येत नाही, असा त्यांचा दाखला होता. तोही कोळशाचाच, हे विशेष!

इंदूर महापालिकेचे पाणी चढवण्याचे वीजबिल महिन्याला वीस कोटींच्या घरात जाऊ लागले, तेव्हा तिने फेब्रुवारी २०२३ मध्ये लोकांना हरित कर्जरोखे विकून २४४ कोटी रुपये उभे केले. उद्देश जलूद येथे ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्याचा. व्याज सव्वाआठ टक्के, दर सहामाहीस. काहींना हा दर महाग वाटेल. मला वाटत नाही. या कर्जात सावकार कोण, व्याज किती आणि मुद्दल केव्हा फेडायची, हे कागदावर आहे. धुराचे कर्ज आपण ज्यांच्याकडून घेतो त्यांना कोणी विचारलेलेही नाही.

हे सारे मी आत्याला मोठ्या उत्साहाने सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि रात्री रे? रात्री पंप कशावर चालायचे?"

"बहुतेक कोळशावरच," मी म्हणालो, आणि नळ बंद केला.