बंद स्टेशन कोणाचे?

गोंदिया जिल्ह्यातल्या चोरखमारा गावातून रूळ जात नाहीत. गाडी धरायची तर तिरोड्याला यावे लागते. अशा गावांतून शिकायला आलेले विद्यार्थी मला विचारतात, रेल्वेने जात मोडली असे म्हणतात ते खरे का? उत्तर देताना मी वऱ्हाडातल्या 'शकुंतले'चे उदाहरण घेतो. तिची स्टेशने आज बंद आहेत. ती कोणासाठी बांधली आणि कोणाच्या उपयोगी पडली, या दोन वेगळ्या गोष्टी तिथे स्पष्ट दिसतात.

ही अरुंद रुळांची लाईन किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने काढली. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा ११३ किलोमीटरचा भाग १९०३ साली आणि मूर्तिजापूर ते अचलपूर हा ७६ किलोमीटरचा भाग १९१३ साली सुरू झाला. दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव इथला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाईनवर चढे, मुंबईला जाई आणि तिथून मँचेस्टरला. १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेले इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होते. स्वातंत्र्यानंतर गाडी सरकारी रेल्वेने चालवली, पण रुळांची मालकी कंपनीकडेच राहिली. थोडक्यात, स्टेशने बांधली ती कापसाच्या गाठींसाठी.

पण डब्यात बसला तो शेतमजूर, बाजाराला निघालेली बाई, गाव सोडून कामधंदा शोधणारा आपला माणूस. तिकीट एस.टी.पेक्षा स्वस्त होते आणि तिकिटावर जात लिहिलेली नसे. ही गोष्ट लहान नव्हती. मात्र ती स्टेशनाच्या फाटकापर्यंतच होती.

याचा पुरावा वऱ्हाडाबाहेरचा आहे. १९०१ साली लहानगे भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांकडे गोरेगावला जाण्यासाठी सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनावर उतरले. मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरले. दुप्पट भाडे कबूल करूनही गाडीवान गाडी हाकेनात. शेवटी बैल मुलांनी हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने चालायचे असे ठरले. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, रेल्वेने जात मोडली नाही. जात मोडायला निघालेल्यांना तिने गावाबाहेर नेले, एवढे श्रेय तिला द्यावे.

पुढे कापूस ट्रकने जाऊ लागला. शेवटच्या काळात शकुंतलेच्या अनेक स्टेशनांवर कर्मचारीच उरले नव्हते. गार्ड खाली उतरून तिकिटे देई. मग गाडीही थांबली. कापसाला दुसरी सोय मिळाली, मजुराचे स्वस्त तिकीट मात्र गेले.

आज शकुंतलेविषयी बोलताना जुने इंजिन आणि ब्रिटिशांच्या इमारती यांचेच कौतुक होते. कार्यकर्त्यांनी त्याआधी एक काम करावे. या लाईनवर हमाली केलेल्या, गँगमध्ये राबलेल्या, तिने मजुरीला गेलेल्या वृद्धांना भेटून त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे. विचारायचे ते एवढेच: स्टेशनावर तुम्हाला पाणी कोण देत असे, आणि उतरल्यावर घरापर्यंत तुम्ही कसे जात होता?