रात्रभर निजलेला चहा

वैशाखातील दुपारी, १७२७ साली जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधलेल्या आमच्या पारोळ्याच्या किल्ल्याचे दगड हाताला चटका देऊ लागतात आणि तालुक्यातील बोरी नदीचे पात्र नुसते वाळूचे उरते, अशा वेळीही दारी आलेल्या माणसापुढे उकळत्या दुधाचा चहा ठेवण्याचा शिरस्ता आमच्या गावाने मोडलेला नाही. मीही तो चाळीस वर्षे इमानाने पाळला. यंदा मात्र जपानात नोकरीस असलेला माझा भाचा सुटीवर आला, त्याने एक लहानशी पुडी हाती ठेवली आणि बजावले, “मामा, हा चहा चुलीवर चढवू नका, गार पाण्यात घालून रात्रभर विसरून जा.”

पुडीत गर्द हिरव्या, सुईसारख्या वळलेल्या पानांबरोबर पीच फळाचे वाळलेले तुकडे, लिंबाच्या सालीच्या चकत्या आणि काही पिवळ्या पाकळ्या होत्या. ही पाने ‘सेंचा’ या जातीची. आपला नित्याचा काळा चहा करताना खुडलेली पाने चुरडून हवेत ठेवतात, तेव्हा पानातील विकरांच्या क्रियेने ती तांबूस होतात व चहाला तो गडद रंग आणि कडक चव येते. जपानात याच्या नेमके उलट करतात. पान खुडल्यावर त्याला लगोलग वाफ देऊन ती क्रिया जागच्या जागी थांबवतात, मग पान मळत मळत वाळवतात, आणि म्हणून त्याची हिरवाई टिकते. या रीतीला निश्चित रूप देण्याचे श्रेय उजी परिसरातील नागातानी सोएन या चहा-उत्पादकाला दिले जाते. वर्ष १७३८, म्हणजे आमचा किल्ला तेव्हा अवघा अकरा वर्षांचा होता. वसंतारंभापासून अठ्ठ्याऐंशीव्या रात्रीच्या सुमारास, मेच्या आरंभी, तिकडे पहिली कोवळी खुडणी ऐन भरात असते. म्हणजे आम्ही कैऱ्या उतरवीत असतो, तेव्हा ते चहा खुडत असतात.

गार पाण्याने चहा होतो तरी कसा? पानातील सर्व द्रव्ये पाण्यात सारख्या वेगाने उतरत नाहीत. तोंडाला तुरटपणा आणणारी कॅटेचिन ही द्रव्ये आणि कडवट कॅफिन यांना उष्णतेची ओढ अधिक. गार पाण्यात ती सावकाश व थोडी उतरतात. उलट थियानिन नावाचे अमिनो आम्ल, जे १९४९ साली जपानी संशोधकांनी चहाच्या पानातूनच वेगळे काढले, ते गार पाण्यातही सहज येते, आणि चहाच्या गोडसर, भरीव चवीत त्याचा वाटा मोठा असतो. अग्नीचे काम येथे काळ करतो. मात्र सगळे काम करीत नाही, निवडक करतो, आणि त्या निवडीतच या पेयाचे सारे मर्म आहे.

हे ऐकून मला परकेपणा वाटला नाही. आयुर्वेदाने औषध सिद्ध करण्याच्या ज्या पाच मूळ कल्पना सांगितल्या, त्यांत उकळून केलेल्या क्वाथाइतकाच मान ‘हिमा’ला आहे: शार्ङ्गधरसंहितेच्या प्रमाणाने एक भाग कुटलेले द्रव्य सहा भाग गार पाण्यात रात्रभर ठेवून सकाळी गाळून घ्यावे. माझी आजी उन्हाळ्यात धने असेच भिजत घालून पहाटे खडीसाखरेसह ते पाणी देत असे, आणि माठात वाळ्याची जुडी सोडणे हेही त्याच जातीचे. मग जपानी चहाला ‘हिम’ म्हणण्यास मला कोणाच्या परवानगीची गरज वाटली नाही.

पहिला प्रयत्न फसला. कूपनलिकेचे जड पाणी वापरले, तेव्हा रंग मळकट आला आणि चव निर्जीव. दुसऱ्या वेळी गाळणयंत्राचे हलके पाणी घेतले, लिटरभर पाण्याला दहा ग्रॅम चहा, आणि काचेची बाटली झाकून रात्रभर शीतपेटीत ठेवली.

सकाळी काचेत कोवळ्या तुरीच्या शेंगेसारखा फिकट हिरवा रंग उतरला होता. प्रथम नाकाला पीचचा मधुर दरवळ आला, पण घोट तोंडात घोळवताच तो मागे सरला आणि जे पुढे आले त्याचे नाव मला ताबडतोब सुचले: हुरडा. कोवळ्या दाण्याचा तोच हिरवा, दुधाळ वास, आणि त्याखाली तुरीचे वरण शिजताना वर आलेल्या पाण्याची असते तशी एक शांत, भरीव चव. या चवीलाच जपानी लोक ‘उमामी’ म्हणतात. रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली तिचे कारण समुद्रशेवाळाच्या कढणात शोधून काढले. लिंबाची साल सर्वांत शेवटी, जिभेच्या कडांवर जाणवली. साखर नव्हती, आणि तिची उणीवही भासली नाही.

फळांविषयी मात्र प्रांजळपणे सांगितले पाहिजे. अशा मिश्रणातील दरवळ बहुतांशी पानांवर चढविलेल्या अर्काचा असतो. वाळलेले तुकडे थोडा गोडवा देतात आणि डोळ्यांना सुखवितात, एवढेच. माझ्या मते पीच हा येथे पाहुणा होता आणि यजमान ते पानच. तरीही तोच चहा मी कढत पाण्यात करून पाहिला, तेव्हा दरवळ वाफेबरोबर साऱ्या स्वयंपाकघरात पसरला आणि पेल्यात थोडाच राहिला. गार पाण्याने मात्र तो घोटासाठी राखून ठेवला होता.

शेजारच्या आक्कांना पेला दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरून पाहिला आणि विचारले, “हाई चहा शे का पानी?” मग दोन घोट घेऊन त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि पेला पुन्हा पुढे केला.

बाटलीच्या तळाशी फुगून रुंद झालेली पाने उरली होती. ती टाकवेनात, म्हणून त्यांवर चांगले कढत पाणी ओतले आणि दोन मिनिटांनी गाळून घेतले. रात्रभर गार पाण्याने ज्यांना आतच राहू दिले होते ते सारे तुरट, कडवट अंश आता बाहेर आले. पीच कोठेच नव्हता. अंगणात ऊन चढत होते. तो पेलाही मी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो.