रेषेचे समीकरण : थोडक्यात

• चढ (म) : रेषेवरील दोन बिंदूंच्या य-निर्देशकांतील फरक भागिले क्ष-निर्देशकांतील फरक. वजाबाकीचा क्रम वर-खाली एकच हवा. चिन्ह चुकते ते इथेच.

• चढ आणि एक बिंदू (अ, ब) माहीत असल्यास : य − ब = म(क्ष − अ).

• उदाहरण : बिंदू (२, ३) आणि (४, ७). चढ = (७ − ३) ÷ (४ − २) = २. म्हणून य − ३ = २(क्ष − २), म्हणजेच य = २क्ष − १. पडताळा : क्ष = ४ घेतल्यास य = ७.

• आडवी रेषा : चढ ०; य = ब.

• उभी रेषा : चढ ठरवता येत नाही, कारण छेद शून्य होतो; समीकरण क्ष = अ.

• समांतर रेषा : चढ समान.